वायरिंगच्या पोटातला जोड

रहिमतपूर, १ नोव्हेंबर २०२५

मामू आणि मुमानी यांना सलाम.

मागच्या पत्रात मी एक चुकीची गोष्ट लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की मेजरसाहेबांच्या जुन्या गाडीची बॅटरी कुणीतरी उलटी लावून ठेवली होती आणि ती मी सरळ केली. बॅटरी उलटी नव्हती. उलटी मी केली. ही विलायती दोन सीटची, उघड्या टपाची गाडी साठ वर्षांपूर्वीची आहे आणि त्या काळच्या तसल्या गाड्यांत लाल टोक बॉडीला असतं, काळं नाही. पलूसच्या दुकानात तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काळी बॉडीला. लाल बॉडीला लागली की दिवाळी." त्यामुळे लाल वायर बॉडीला दिसल्याबरोबर माझा हात आपोआप पान्याकडे गेला. नंतर दिवे लावून पाहिले, तर इंजिन बंद असताना अँपिअरचा काटा चार्जिंगकडे पळाला. तेव्हा शंका आली. मेजरसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "अगं, ती पहिल्यापासून तशीच आहे. मला वाटलं तुला ठाऊक असेल." इंजिन चालू केलं नव्हतं म्हणून नुकसान झालं नाही. पण ज्याला मी त्या पत्रात मूर्ख म्हटलं तो मूर्ख नव्हता, एवढं तुम्हाला कळायला हवं. फोन करून उपयोग नाही, तुम्हाला ऐकू येत नाही. आणि मेसेज पाठवला तर तुमची फिरदोस तो गल्लीला वाचून दाखवते. म्हणून पुन्हा पत्र.

आता कामाचं. जुनं वायरिंग सगळं बाहेर काढलं. वरून कापडी विणीचं वेष्टन आहे, आतलं रबर हातात घेतलं की पापडासारखं मोडतं. मुजीबचं म्हणणं होतं, "खराब तेवढ्या वायरी बदल आणि वरून टेप मार. डॅशबोर्डखाली डोकं घालून कोण बघणार आहे?" आमचं लग्न ठरल्यापासून त्याच्या साताऱ्याच्या गॅरेजमध्ये त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे मला अवघड होतं, बाकीचे सगळे ऐकत असतात. तरी घातला. शेवटी तो म्हणाला, "कर बाई, तुझ्या मामूची शाळा आहे, तिथं माझं काय चालणार!" तुम्ही त्याचेही अब्बा आहात हे तो सोयीनं विसरतो.

मग तुमच्या पद्धतीने केलं. जुनं वायरिंग प्लायवर पसरलं, प्रत्येक वळणाला खिळा मारला, आणि त्या खिळ्यांवरून नवीन बांधलं. टोकांना मुमानीच्या मशीनच्या रंगीत दोऱ्याच्या खुणा केल्या. आत जोड एकही नाही. मेजरसाहेबांनी विचारलं, "मध्ये कुठे जोड नाही ना?" मी सांगितलं, एकही नाही. तेवढं विचारायचं त्यांना कारण आहे. बॅटरीकडून अँपिअरच्या मीटरकडे येणारी जी मेन वायर आहे, तिच्यावर ह्या गाडीत फ्यूजच नाही. त्या काळी देत नसत. मी म्हटलं, एक घालते, तर ते म्हणाले, गाडी होती तशीच हवी.

पूर्ण वायरिंग माझ्या नावावर असलेली ही पहिलीच गाडी. मेजरसाहेब पहिल्या दिवशी मुजीबला म्हणाले होते, "ही करणार?" मुजीब म्हणाला, "हीच करणार." हे मी त्याच्या बाजूनेही लिहून ठेवते.

३० नोव्हेंबरला, रविवारी, सांगलीत जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. मेजरसाहेबांची मुलगी पल्लवीताई गाडी चालवणार आणि ते शेजारी बसणार. पण सोमवारी अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मी आठवडाभर गॅरेजला जाणार नाही. वायरिंग गाडीत घालायचं काम मुजीब आणि आकाराम करतील. आकाराम म्हणजे आमच्याकडे पत्र्याचं आणि रंगाचं काम करणारे, तुम्ही त्यांना पाहिलं आहे. मला हे सोडून जाणं बरं वाटत नाही. एसटीत बसल्यावरही मी खिळे मोजत होते.

मुमानीने मंगनीच्या तारखेबद्दल विचारलं आहे. तुम्ही धराल ती.

तुमची,
रुक्सार


पलूस, ५ नोव्हेंबर

प्यारी भाची रुक्सार हिला दुवा.

पत्र पोचलं. लाल बॉडीला! आगं, सगळी हयात ह्या धंद्यात गेली आन् आता तू मला सांगतीस व्हय? मी जेवता जेवता उठलो आन् तुझ्या मुमानीला म्हणलं, विलायतेत लाल बॉडीला लावत्यात. ती म्हणली, "लावू द्या. कालवण निवतंय." ह्या घरात इद्येची किंमत न्हाई.

चूक कळवलीस हे लय ब्येस केलंस. पर एवढं जिवाला लावून घेऊ नगं. काटा उलटा गेला आन् तुला दिसला, झालं तर. ज्याला काटाच दिसत न्हाई त्येनं काळजी करावी.

एक सांगायचं ऱ्हायलं. खिळ्यावर बांधलेलं वायरिंग ही जुन्याची नक्कल असती. नकलंवर भागत न्हाई. गुंडाळायच्या आदी एकदा गाडीत घालून बघायचं, समदी टोकं जागच्या जागी पोचत्यात का. मधल्या काळात कुणी गाडीत काय सरकवलं आसंल, आपल्याला काय ठावं? वायर ताणून बसली की ती पत्र्यावर घासती, आन् घासली की एक दिवस पेटती. तू बघितलं आसशीलच. मी आपलं लिवलं.

मंगनी सात डिसेंबर, आयतवार. मुजीब व्हय म्हणला. तू वायरीवर दोन पानं लिवतीस आन् मंगनीवर एक वळ. लाजतीस का आनखी काय हाय? तुझी मुमानी इचारती म्हणून इचारलं.

चांदसाहेब

(अख्तरबीकडून दुवा. मी इचारलं न्हाई, त्येंनीच इचारलंय. वन्सांच्या डोळ्यात थेंब येळेवर घाल.)


रहिमतपूर, ११ नोव्हेंबर

मामूंना सलाम.

अम्मीचा डोळा चांगला आहे. पट्टी काढल्यावर तिने पहिल्यांदा भिंतीवरची जळमटं पाहिली आणि मला ओरडली, म्हणजे नीट दिसतं आहे.

काल गॅरेजला गेले. वायरिंग बसवून, वरून कापडी पट्टी गुंडाळून सगळं तयार होतं. मुजीब दारातच उभा होता. म्हणाला, "बस, चावी फिरव." दिवे लागले, वायपर हलला, हॉर्न वाजला. मेजरसाहेब योगायोगाने आले होते, त्यांनी तो हॉर्न इतक्या वेळा वाजवला की शेजारच्या टायरवाल्याने येऊन विचारलं, कुणाची वरात आहे. मुजीब हसत होता. मीही हसले.

ते गेल्यावर मी डॅशबोर्डखाली हात घातला. सवयीने. इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्याच्या भोकातून वायरिंग आत येतं, तिथून पुढे वीतभर अंतरावर बोटाला एक गाठ लागली. चिंचोक्याएवढी. माझ्या वायरिंगला तिथे गाठ असायचं कारण नव्हतं. मोठे दिवे लावून ठेवले आणि थोड्या वेळाने पुन्हा हात लावला. गरम होती. पट्टी बोटभर उसवून पाहिली. मेन वायर आहे, मामू. तिला तुकडा जोडला आहे. नुसता पीळ दिलेला, सोल्डर नाही, वर प्लास्टिकची टेप, आणि त्यावर माझी कापडी पट्टी इतकी सुबक गुंडाळली आहे की मलाही डोळ्यांनी दिसली नसती.

मी पट्टी पुन्हा होती तशी बसवली आणि कुणाला काही बोलले नाही. का बोलले नाही, ते मला नीट सांगता येत नाही. बॅटरीचं टोक तेवढं काढून ठेवलं. आज सकाळी जाऊन पाहिलं तर कुणीतरी परत लावलं होतं. मी परत काढलं. मुजीब म्हणाला, "चोर बॅटरी नेतील म्हणून टोक काढतेस का? टोक काढलं की न्यायला सोपी."

गॅरेजमधल्या एका माणसाने हे केलं आहे. नाव लिहीत नाही. मला तुमच्याकडून एवढंच हवं: असा पिळाचा जोड साताऱ्याहून सांगलीपर्यंत आणि परत टिकेल का? परतताना अंधार पडेल. साखर कारखाने सुरू झाले आहेत, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना मागे दिवा नसतो. त्यात ह्या गाडीचे दिवे एकदम गेले तर? आणि दिवे न जाता जोडच पेटला तर? फ्यूज नाही. पल्लवीताईंचे पाय त्या गाठीपासून हातभर अंतरावर असतील.

मुजीबला ह्यातलं काही कळवू नका.

रुक्सार


पलूस, १४ नोव्हेंबर

रुक्सार,

टिकंल का म्हणून इचारतीस? टिकंलबी आन् न्हाईबी टिकणार. पिळाचा जोड म्हंजी भाड्याचा बैल. चालला तर गावापतूर, बसला तर वड्यात. मेन वायरीत तर त्यो सपनातबी नगं. आक्खी वायर काढ आन् नवी घाल. जोडावर जोड करू नगंस.

नाव लिवलं न्हाईस म्हणून मला कळणार न्हाई व्हय? आकाराम. दुसरं कोण? पत्र्याचा माणूस वायरीला हात लावतोच कशाला? मी साताऱ्याला आलो हुतो तवा त्येनं त्येच्या स्कूटरच्या हॉर्नला आसंच केल्यालं मी डोळ्यानं बघितलंय. मी म्हणलं, "आकाराम, हे काय रं?" तर म्हणतो कसा, "चांदभाई, वाजतंय न्हवं?" वाजतंय न्हवं म्हणं! असली माणसं गाड्या जाळत्यात आन् नाव जातं वायरमनचं. तुझ्या पयल्या कामाला त्येनं डाग लावला.

मी फिरदोसला फोन लावाय सांगितला आन् तिच्या तोंडानं मुजीबला कळवलं, आकारामला काढ. कशापायी ते त्येला उमगंल. तुझं नाव मी घेतलं न्हाई. तू घाबरतीस म्हणून तुझ्या वाटचं मी केलं.

मंगनीला बकरं सांगितलंय. तुझ्या अम्मीला म्हणावं, गॉगल घालून का व्हईना, आलंच पायजे.

चांदसाहेब


रहिमतपूर, १८ नोव्हेंबर

मामू,

आकारामना शनिवारी कामावरून काढलं. पल्लवीताई गाडीच्या सीटचं माप घ्यायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर. मुजीब म्हणाला, "आकाराम, उद्यापासून येऊ नका." आकारामनी विचारलं, "का वं मालक?" मुजीब म्हणाला, "अब्बांचा निरोप आहे." त्यांनी हातातला पॉलिश पेपर पाण्यात बुडवला, झटकला, वाळत घातला, आणि डबा घेऊन गेले. मी तिथे होते. हातात पकड होती.

११ तारखेच्या पत्रात मी "गॅरेजमधल्या एका माणसाने" असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं नव्हतं, आणि अपुरं लिहिल्यामुळे हे झालं. त्या जोडाचा पीळ डावा आहे. उघडून पाहिला त्या क्षणी मला ते दिसलं होतं. आपल्या सगळ्यांत डावखुरा एकच आहे. मी पिळाबद्दल लिहिलं असतं तर तुम्ही पत्र खाली ठेवायच्या आत ओळखलं असतं, म्हणून मी ते लिहिलं नाही. जोड मुजीबने केला आहे.

शनिवारी सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं. जसं बोलणं झालं तसं लिहिते, माझ्या बाजूचं काही न गाळता.

मी म्हटलं, "मेन वायरीत जोड तुम्ही केलात."

तो म्हणाला, "बघितलास होय? मला वाटलंच. तुझ्या बोटांना डोळे आहेत."

"का केलात?"

"कारण तुझं वायरिंग तोकडं आलं, रुक्सार. मीटरपर्यंत पोचतच नव्हतं. मेजरनी नवा सागवानी डॅशबोर्ड करून घेतला, त्यात सुताराने मीटर एका वितीने सरकवला. तू जुन्याची नक्कल बांधलीस, नव्यावर लावून बघितलं नाहीस. मेजर रोज फेऱ्या मारतात. त्यांच्यासमोर सगळं परत काढू? पहिल्याच कामाला? तुझी लाज राहावी म्हणून रात्र व्हायच्या आत जोडून टाकलं."

मामू, हे खरं आहे. मी जाऊन मापलं. वीतभर तोकडं आहे. तुमचं ५ तारखेचं पत्र आलं तेव्हा वायरिंग आधीच गुंडाळलेलं होतं, पण ते पत्र नसतं आलं तरी मला हे सुचायला हवं होतं. सुताराचा तो डॅशबोर्ड मी स्वतः पुसून ठेवला होता.

मी विचारलं, "मग आकाराम?"

तो म्हणाला, "अब्बांचा निरोप आला तेव्हा मी काय सांगणार होतो? फिरदोस फोनवर, मागे अब्बा ओरडतायत, त्यांना काही ऐकू येत नाही. चार दिवसांनी राग उतरेल, मग बोलवू त्यांना."

"पल्लवीताईंना काय वाटलं असेल?"

"काही वाटत नाही लोकांना. एक रविवार जाऊ दे. गाडी सांगलीला जाऊन आली की आपण निवांत वायर बदलू. आणि हे बघ, तू बोललीस तर लोक काय म्हणतील ते ऐकून ठेव. जोड कुणी केला हे कुणी विचारणार नाही. तोकडं कुणी बांधलं ते विचारतील. नाव तुझं जाईल, माझं नाही."

तो रागाने बोलत नव्हता. हे मला जास्त त्रास देतं. त्याने तो जोड माझ्यासाठी केला, त्यावर मी रागावू शकत नाही. पण आकारामना तो गप्प राहून जाऊ देतो, ते कुणासाठी?

गाडी उभी आहे. मी रोज बॅटरीचं टोक काढते. तुम्ही आकारामना निरोप पाठवा, मामू. काढायचा निरोप तुमचा होता.

रुक्सार


पलूस, २१ नोव्हेंबर

रुक्सार,

डावा पीळ वाचला आन् पत्र दुमडून ठेवलं. ल्हान हुता तवा त्येचा डावा हात बांधून मी त्येला उजव्यानं पीळ द्याय शिकवत हुतो. न्हाई आलं त्येला.

तुझं समदं खरं हाय. पर मी काय सांगतो ते नीट ऐक. मुजीबनं गॅरेज आत्ता कुठं उभं केलंय. साताऱ्यात आपली माणसं किती, वळखीची किती? मेजरसारख्या माणसानं बाहेर चार ठिकाणी सांगितलं, की चांदसाहेबाचा पोरगा वायरीत जोड लपवतो, तर उद्या दारात कोण गाडी लावंल? आन् तुझं तर आदीच. पोरगी वायरिंग करती म्हणून लोक बघाय येत्यात, काम घिऊन येत न्हाईत.

म्हणून आसं कर. कुणी नसताना त्यो जोड उघड. पीळ साफ करून सोल्डर मार, भरपूर मार, वर स्लीव्ह घाल आन् गुंडाळ. सोल्डर मारल्याला जोड काय आसा जात न्हाई. मेजरला सांगू नगं. आकारामचं मी बघतो. मंगनी झाली की बोलावून घिऊ, चार पैसं जास्ती दिऊ, त्यो इसरंल. घरातलं घरात ऱ्हाऊ दे.

मी तुझा उस्ताद हाय, तुझं वाईट सांगणार न्हाई.

चांदसाहेब

(ह्येंनी पाकीट चिकटवलं हुतं, मी वाफंवर उघडून वाचलं. मला वायरीतलं काय कळत न्हाई. येवढं कळतं की पत्र लिवल्यापासून ह्येंनी दुकानाच्या पायरीवर बसून तीन येळा एकाच पान्याला फडकं मारलं. मंगनीची साडी मी आणल्याली हाय, मोतिया रंगाची. ती सात तारखंला नेसली पायजे आसं काय तिच्या काठावर लिवल्यालं न्हाई. — अख्तरबी)


रहिमतपूर, २५ नोव्हेंबर

मामू आणि मुमानी यांना सलाम.

पत्र काल मिळालं. आधी तुमचं जे बरोबर आहे ते लिहिते. सोल्डर मारलेला जोड टिकेल. मी तुमच्याकडूनच शिकले, मी तो नीट करेन, आणि बहुतेक तो गाडीपेक्षा जास्त जगेल. तेवढाच प्रश्न असता तर मी तुमचं ऐकलं असतं, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.

पण सोल्डरने आकाराम परत येत नाहीत. मी रविवारी त्यांच्या घरी गेले होते. तुम्हाला किंवा मुजीबला न विचारता. रहिमतपूरपासून त्यांचं गाव जवळच आहे. ते अंगणात बसून शेजाऱ्याच्या मोटरसायकलच्या टाकीला रंग देत होते. मला बघून उठले नाहीत.

"या," म्हणाले. "स्कूटरचा हॉर्न तपासाय आलाय व्हय? वाजतोय आजून."

त्यांच्या मंडळींनी पाणी आणून दिलं आणि त्या म्हणाल्या, "आवं, पोरगी दारात आली आन् टोमणं काय मारताय?"

"टोमणा न्हाई, बातमी सांगतोय," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की मेन वायरीत लपवलेला जोड सापडला आणि तो त्यांनी केलेला नाही हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "आन् तवा तुमी पकड हातात धरून हुबं हुता."

"हो."

"कुणी केला?"

मी सांगितलं. तोकडं वायरिंग माझं होतं तेही सांगितलं. टाकीवरचा रंगाचा ओघळ पुसत ते म्हणाले, "बाई, मी काय जेवायला म्हाग न्हाई. रंगाला हात हायेत तवर काम हाय. पर मेजरच्या पोरीनं माझ्याकडं कसं बघितलं ठावं हाय का? पयल्या दिवशी तिनंच मला इचारून रंग ठरवला हुता. जाताना तिनं गाडीची चावी उचलून पर्समदी टाकली. मी काय चोर हाय?"

मी म्हटलं, निरोप पाठवा म्हणून मामूंना मी लिहिलं आहे.

"निरोप नगं," ते म्हणाले. "जिथं काढलं तिथं, त्याच माणसापुढं. न्हाईतर मी हितंच बरा."

खरं तर हे त्यांच्या घरी जाताना रस्त्यातच मला कळलं होतं.

दुसरी गोष्ट. मेजरसाहेबांनी मला तोंडावर विचारलं होतं, मध्ये जोड नाही ना. मी सांगितलं होतं, एकही नाही. तेव्हा ते खरं होतं. आज नाही. रोज ते गाडीभोवती फिरतात, माझ्याशी पल्लवीताईंच्या चालवण्यावर विनोद करतात, आणि मी हसते. गाडी सांगलीला जाऊन सुखरूप परत आली तरी मी त्यांना खोटं सांगितलेलं राहीलच. तुम्ही म्हणता, घरातलं घरात ठेव. पण मेजरसाहेब, पल्लवीताई आणि आकाराम, तिघंही आपल्या घरातले नाहीत, आणि तिघांनाही ह्यात आपण ओढलं आहे.

म्हणून मी काय केलं आहे आणि काय करणार आहे ते लिहिते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की कळवलं नाही.

नवीन मेन वायर तयार आहे. ह्या वेळी प्लायवर नाही मापली. सुतळी घेऊन पत्र्याच्या भोकापासून सागवानी डॅशबोर्डच्या नव्या जागेपर्यंत प्रत्यक्ष फिरवली, वळणाला ढील ठेवली, आणि त्या सुतळीबरहुकूम वायर कापली. मेजरसाहेब आणि पल्लवीताई ह्या आठवड्यात गाडी चालवून बघायला येणार आहेत. ते आल्यावर, गाडीत बसायच्या आधी, मी त्यांच्यासमोर ती पट्टी उघडणार. वायरिंग मी तोकडं बांधलं हे मी सांगणार. जोड आकारामनी केला नाही हे सांगणार. आकारामना मी यायला सांगितलं आहे. ते म्हणाले, बघतो. मग जुनी वायर काढून नवी घालायला मला जवळपास दिवस लागेल, म्हणजे रविवारी गाडी सांगलीला जाऊ शकेल, जर मेजरसाहेबांना माझ्या हातची गाडी तेव्हाही हवी असेल तर. नको असेल तर दुसरीकडे न्यायचा त्यांना हक्क आहे, आणि पुन्हा कुणी पूर्ण वायरिंग माझ्याकडे देईल की नाही हे मला माहीत नाही. ह्याची मला भीती वाटते. तुमच्यापुढे नाही म्हणण्यात अर्थ नाही.

मुजीबला मी हे आज सकाळी सांगितलं. त्याच्या पाठीमागे करायचं नव्हतं. तो जीपचा डायनामो खोलत होता.

"माझ्या गॅरेजमध्ये? माझ्यासमोर?" तो म्हणाला.

"हो. जोड कुणी केला एवढंच मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. ते तुमचं आहे. पण आकारामनी केला नाही, हे सांगणारच."

"म्हणजे उरलो मीच. काय ठेवलंस मग माझ्यासाठी?"

"आधी बोलायची संधी."

त्याने डायनामोचा बोल्ट घट्ट केला, जो त्याला सैल करायचा होता. मग म्हणाला, "आणि सात तारखेचं?"

मी म्हटलं, "मी शब्द फिरवत नाही. तुम्हाला फिरवावासा वाटला तर मी मामूंना दोष देणार नाही आणि तुम्हालाही नाही. पण आकाराम घरी बसले असताना मी मोतिया साडी नेसून बकऱ्याचं जेवण वाढणार नाही. तारीख पुढे गेली तरी चालेल."

तो पुन्हा डायनामोवर वाकला. जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी निघताना गाडीच्या बॅटरीचं टोक काढायला गेले तर ते आधीच काढलेलं होतं. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो. ह्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही, म्हणून मी लावत नाही.

मामू, तुम्ही उस्ताद आहात आणि मी तुमचं पहिल्यांदा ऐकत नाही. तुम्ही त्याचे अब्बा म्हणून जे पत्र लिहिलंत ते मी समजू शकते. पण पलूसच्या दुकानात, मी एका ट्रॅक्टरचा जोड लपवला होता तेव्हा, गिऱ्हाईक समोर उभं असताना तुम्ही ते सगळं उसवून माझ्या मांडीवर टाकलं होतं, त्या उस्तादाला मी विचारते आहे, याल का? तुम्ही आलात तर मला धीर येईल. नाही आलात तर धीराशिवाय करेन. मुमानीला म्हणावं, साडी घडीत नीट ठेवा.

तुमची भाची,
रुक्सार

ता. क. पाकीट बंद करत होते तेवढ्यात मुजीबचा मेसेज आला. दोनच शब्द होते, "नक्की कधी?" एसटीच्या वेळा त्याला ठाऊक आहेत, मेजरसाहेब कधी येणार तेही त्यानेच ठरवलं आहे. तरी विचारलं म्हणून मी पूर्ण उत्तर लिहून पाठवलं, आणि तेच तुम्हालाही लिहिते: शुक्रवार, २८ नोव्हेंबर; पट्टी उघडायच्या आधी ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं.